स्पंज प्रवाळाला खातो की पोसतो? आणि खरवडून काढावा का?

लातूरच्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "कॉलेजच्या सहलीत रामेश्वरमजवळ मंडपमला गेलो होतो. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहिले. काही प्रवाळांवर काळपट आणि काहींवर नारिंगी थर चढलेला होता. बोटवाले म्हणाले, हा स्पंज, हा प्रवाळ खातो. मी मात्र वाचलं होतं की स्पंज आणि त्याच्या अंगातले सूक्ष्मजीव अख्ख्या प्रवाळभित्तीला पोसतात. खरं काय? असे स्पंज खरवडून काढले तर प्रवाळ वाचतील का? आणि लातुरात राहून या विषयावर काही प्रकल्प करता येईल का?"

बोटवाले खोटं बोलले नाहीत आणि तुम्ही वाचलेलंही चूक नाही. ते एका स्पंजाबद्दल बोलत होते, तुम्ही दुसऱ्याच स्पंजाबद्दल वाचलं होतं, एवढाच घोळ आहे. स्पंजाच्या वर्णन झालेल्या जाती नऊ हजारांच्या घरात आहेत. त्या सगळ्यांना एकाच नावाखाली मित्र किंवा शत्रू ठरवायला गेलं की गाडी तिथंच अडते. खरवडण्याबद्दल मात्र माझं उत्तर सरळ 'नको' असं आहे. का ते पुढं येईलच.

मी अंबाजोगाईला प्राणिशास्त्र शिकवतो. संशोधनाच्या काळात मंडपमजवळच्या मन्नारच्या आखातातले स्पंज ओळखणं आणि त्यांच्यातले जिवाणू प्लेटवर वाढवणं हेच माझं काम होतं. अजूनही विद्यार्थ्यांना घेऊन तिकडं जाणं होतं. कॅरिबियन किंवा ऑस्ट्रेलियातलं जे सांगेन ते तिथल्या संशोधकांचं काम आहे, माझं नाही.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. स्पंज चांगला की वाईट हे विचारण्यापेक्षा, तो पाण्यातून काय उचलतो, त्याचं काय करतो आणि ते पुढं कुणाच्या वाट्याला जातं, हे विचारा. याचं उत्तर जातीनुसार बदलतं, स्पंजाच्या आकारानुसार बदलतं आणि पाणी किती गढूळ, किती तापलेलं यावरही बदलतं.

आधी पाण्याबद्दल. लक्षद्वीपसारख्या ठिकाणचं निळं, नितळ पाणी दिसायला सुंदर असतं, पण ते उपाशी पाणी असतं. त्यात नायट्रोजन, फॉस्फरस अगदी थोडा. तरीही तिथं मासे, खेकडे, शंख, शेवंडं यांची एवढी गर्दी कशी, हा डार्विनच्या नावानं ओळखला जाणारा जुना पेच आहे. प्रवाळाच्या पेशींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवालं सूर्यप्रकाशावर साखर बनवतात, हे अर्धं उत्तर तुम्हाला दहावीपासून माहीत असेल. उरलेलं अर्धं सहसा सांगितलं जात नाही. त्या साखरेतला बराच भाग प्रवाळ स्वतःकडे ठेवत नाही. चिकट स्राव आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ म्हणून तो पाण्यात सोडून देतो. भित्तीवरची मोठी शैवालंही तेच करतात. हे विरघळलेलं अन्न प्रचंड असतं, पण ते माशाला खाता येत नाही, खेकड्याला पकडता येत नाही. पाण्यातले मोकळे जिवाणू ते खातात. पण जिवाणूला त्याहून थोडा मोठा जीव खाणार, त्याला आणखी मोठा, आणि दर पायरीला बराच भाग श्वसनात खर्च होणार. तोवर प्रवाह पाणी भित्तीपासून दूर घेऊन गेलेला असतो.

स्पंज नेमका इथं येतो. दहावीच्या पुस्तकात रंध्रीय प्राण्यांच्या पाठात ऑस्टिया, ऑस्क्युला आणि कॉलर पेशी पाठ केल्या असतील. परीक्षेपुरत्या पाठ करून आपण त्या सोडून देतो, पण खरी मजा त्यातच आहे. बारीक छिद्रांतून पाणी आत येतं, कॉलर पेशींच्या शेपटीसारख्या कशाभिका ते ढकलतात, त्यातलं खाण्याजोगं गाळून घेतलं जातं आणि पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर पडतं. काही जातींमध्ये एक किलोचा स्पंज दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी असं फिरवू शकतो, आणि त्या पाण्यातले बहुतेक जिवाणू आतच राहतात. विद्यार्थ्यांचा यावर सहसा विश्वास बसत नाही, कारण स्पंज दिसतो दगडासारखा निर्जीव. मग त्याच्या बुडाशी सिरिंजनं फ्लुरेसिनचा हिरवट रंग हळूच सोडून दाखवावा लागतो. थोड्याच वेळात वरच्या छिद्रातून रंगाची धार निघते. एकदा हे पाहिलं की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

जिवाणू गाळणं ही जुनी माहिती झाली. विरघळलेल्या अन्नाचं गणित मात्र अलीकडं सुटायला लागलं. २०१३ साली कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर काम करणाऱ्या डच संशोधकांच्या गटानं (यास्पर डी खूय आणि सहकारी) कार्बन आणि नायट्रोजनचे ओळखता येणारे समस्थानिक वापरून विरघळलेल्या अन्नाचा माग काढला. ते अन्न स्पंजात गेलं, तिथून बारीक सेंद्रिय चुरा होऊन बाहेर पडलं आणि तो चुरा खाणाऱ्या लहान प्राण्यांच्या अंगात पोचलं. स्पंजामार्फत असं फिरणारं अन्न भित्तीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाच्या उत्पादनाच्या तोडीचं निघालं. या चक्राला आता 'स्पंज लूप' म्हणतात.

हा चुरा येतो कुठून? त्याच गटानं आधी पाहिलं होतं की हॅलिसार्का सेरुलिया या पातळ थरासारख्या स्पंजात कॉलर पेशी साधारण सहा तासांत विभाजित होतात. प्राण्यांमध्ये हा वेग थक्क करणारा आहे. पण एवढ्या पेशी तयार होऊनही स्पंज त्या प्रमाणात वाढत नाही, कारण जुन्या पेशी तो सतत टाकून देतो. त्या टाकलेल्या पेशी म्हणजेच हा चुरा. शंख, ठिसूळ तारे (तारामाशांचे नातलग), किडे, लहान खेकडे त्यावर जगतात आणि मासे त्यांच्यावर.

आपल्याकडं कडब्याचं जे होतं तेच इथं होतं. ज्वारीचा कडबा माणसाला खाता येत नाही. बैल खातो, तोही पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर, आणि त्याचं शेण शेतात परत येतं. दाखला सगळा जुळत नाही, तेही सांगतो: विरघळलेलं अन्न उचलायला स्पंजाला प्रत्येक वेळी सूक्ष्मजीवांची गरज लागत नाही. त्याच्या स्वतःच्या पेशीही ते काम करतात. हॅलिसार्कात सूक्ष्मजीव फार कमी असतात, तरी तो या कामात पटाईत आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोटीतून दिसणं शक्यच नाही. हे काम करणारे बरेचसे स्पंज उघड्यावर नसतातच. ते प्रवाळाच्या खालच्या बाजूला, कपारीत, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांखाली पातळ थरासारखे पसरलेले असतात. मन्नारमध्ये उथळ पाण्यात पडलेला एखादा सुटा तुकडा परवानगी असताना अलगद उलटून पाहिला (आणि लगेच होता तसा ठेवला) तर खाली पिवळे, जांभळे, तांबडे, राखाडी थर एकमेकांना भिडलेले दिसतात. भित्तीच्या अशा आतल्या पृष्ठभागाचा हिशेब धरला तर तो वरच्या, उन्हातल्या भागाहून मोठा भरतो. म्हणजे पर्यटकाला दिसणारे दोन-चार मोठे स्पंज पाहून भित्तीतल्या स्पंजांबद्दल मत बनवलं तर अंदाज चुकणारच.

आता वादाचा भाग. स्पंज लूपची गोष्ट सगळीकडे तशीच लागू होते असं नाही. जोसेफ पॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडा, बहामाच्या बाजूला झेस्टोस्पॉन्जिया म्यूटा या पिंपाएवढ्या मोठ्या स्पंजावर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की उघड्यावर वाढणारे मोठे स्पंज विरघळलेलं अन्न भरपूर घेतात, पण त्याचा चुरा करून सोडताना दिसत नाहीत. ते स्वतःच वाढतात. शिवाय त्यांनी एक दुष्टचक्रही मांडलं. भित्तीवर शैवाल वाढलं की पाण्यात विरघळलेलं अन्न वाढतं, त्यावर स्पंज पोसतात, स्पंज नायट्रोजनयुक्त क्षार बाहेर सोडतात, त्यावर पुन्हा शैवाल वाढतं आणि या दोघांच्या मध्ये प्रवाळाला जागा उरत नाही. शैवाल खाणारे मासे आणि काटेरी समुद्री अर्चिन कमी झालेल्या कॅरिबियनमध्ये हे पटण्याजोगं आहे.

माझं मत विचाराल तर दोन्ही गट बरोबर आहेत. कपारीतले पातळ थर चुरा करतात, उघड्यावरचे मोठे बहुधा साठवतात. आपल्या किनाऱ्यावर कोणतं पारडं जड आहे हे कॅरिबियनच्या आकड्यांवरून ठरवू नये. मन्नारचं पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नाही, त्यात गाळ आणि तरंगते कण भरपूर. तिथला स्पंज मोठ्या प्रमाणात त्यावरच जगत असणार.

सूक्ष्मजीवांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला तो भाग मला सगळ्यात जवळचा.

स्पंजांचे ढोबळ दोन गट पडतात. एका गटाच्या ऊतीत सूक्ष्मजीव ठासून भरलेले असतात: एका ग्रॅममध्ये दहा कोटींपासून हजार कोटींपर्यंत. काही जातींत तर शरीराच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सूक्ष्मजीवांचाच. दुसऱ्या गटात ते समुद्राच्या पाण्यात असतात तेवढेच, म्हणजे ग्रॅमला लाख ते दहा लाखांच्या आसपास. हातात घेतल्यावरही बऱ्याचदा अंदाज येतो. पहिल्या गटातले स्पंज घट्ट, मांसल लागतात आणि पाणी सावकाश फिरवतात. दुसऱ्या गटातले पोकळ, जाळीदार असतात आणि पाणी झपाट्यानं फिरवतात. अंदाज म्हणून हे ठीक, पुरावा म्हणून नाही.

यातली गोची अशी की बाहेर दिसणारा सूक्ष्मजीव आणि आत काम करणारा सूक्ष्मजीव हे वेगळेच असू शकतात. झोबेल मरीन आगरवर (समुद्री जिवाणू वाढवायचं प्लेटमधलं माध्यम) स्पंजाचा रस पसरला की काही दिवसांत छान रंगीत वसाहती उगवतात. विद्यार्थी खूश होतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच स्पंजात जे दिसतं त्याचा फार थोडा अंशच प्लेटवर आलेला असतो. बाकीचे प्रयोगशाळेत वाढायलाच तयार नसतात. त्यांचा पत्ता डीएनएच्या पद्धती आल्यावर लागला. 'पोरिबॅक्टेरिया' हा स्पंजांमध्ये मोठ्या प्रमाणावर सापडणारा गट २००४ साली असाच ओळखला गेला. त्यामुळं "स्पंजापासून जिवाणू वेगळे केले" असा प्रबंध वाचलात तर ते प्लेटवरचे की डीएनएवरून ओळखलेले, हे आधी पाहा.

हे भाडेकरू करतात काय? सर्वांत पक्की माहिती नायट्रोजनबद्दलची आहे. स्पंज खातो तसा अमोनियाही तयार करतो. त्याच्या ऊतीतले काही जिवाणू आणि आर्किया (दिसायला जिवाणूंसारखे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) त्या अमोनियाचं नायट्राइटमध्ये आणि पुढं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजात १९९६ साली सापडलेला सेनार्कियम सिम्बायोसम हा आर्किया अशाच कुळातला. याउलट स्पंजानं पंप थांबवला (ते मधूनमधून थांबवतात) की आत प्राणवायू संपतो, आणि मग दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. म्हणजे एकाच स्पंजात, पंप चालू की बंद यावर, रसायनाची दिशा बदलते. काही स्पंजांमधले सायनोबॅक्टेरिया उलट हवेतला, म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन पकडून खतासारखा उपलब्ध करतात आणि प्रकाशावर साखरही बनवतात.

फॉस्फरसचं थोडं वेगळं आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं की काही कॅरिबियन स्पंजांमधले सूक्ष्मजीव फॉस्फरस पॉलिफॉस्फेटच्या कणांच्या रूपात साठवतात, आणि स्पंजातल्या एकूण फॉस्फरसपैकी २५ ते ४० टक्के या रूपात असू शकतो. उपाशी पाण्यात फॉस्फरस वाहून न जाता भित्तीवरच अडकून राहणं ही मोठी गोष्ट आहे.

तिसरं काम संरक्षणाचं. स्पंजाला पळता येत नाही, म्हणून तो रसायनांवर जगतो. पण थिओनेला स्विनहोई या स्पंजात आढळणारी बरीच तीव्र रसायनं स्पंज बनवतच नाही. ती त्याच्यातला एंटोथिओनेला नावाचा जिवाणू बनवतो, हे २०१४ साली सिद्ध झालं. स्पंजाच्या रसायनांचा आपल्याशी संबंध काय असं वाटेल. रक्ताच्या कर्करोगावर मराठवाड्यातल्या रुग्णांनाही दिलं जाणारं सायटारबीन हे औषध १९५०च्या सुमारास वर्नर बर्गमन यांनी कॅरिबियन स्पंजात शोधलेल्या रेणूंवरूनच पुढं तयार झालं.

यातलं प्रवाळाला थेट काय मिळतं? इथं मी हात जरा आखडता घेतो. "स्पंजातले जिवाणू प्रवाळाला जेवू घालतात" असं सरळ वाक्य मी वर्गात लिहून देणार नाही. ते अन्न आणि क्षार भित्तीच्या हद्दीत टिकवून ठेवतात आणि एका रूपातून दुसऱ्या रूपात नेतात, एवढं ठामपणे म्हणता येतं. त्याचा फायदा प्रवाळाला होईल की त्याच्याशी भांडणाऱ्या शैवालाला, हे भित्तीची तब्येत ठरवते. शैवाल खाणारे पोपटमासे, सर्जन मासे शाबूत असतील तर तोच नायट्रेट प्रवाळाच्या शैवालांना उपयोगी. ते मासे जाळ्यात गेले असतील तर तोच नायट्रेट डोकेदुखी.

ही भागीदारी नाजूकही आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या ऱ्होपॅलॉइडिस ओडोराबिले या स्पंजावर निकोल वेब्स्टर आणि सहकाऱ्यांनी तापमानाचे प्रयोग केले. ३१ अंश सेल्सिअसपर्यंत सूक्ष्मजीवांची घडी नीट राहिली. ३३ अंशांना ती मोडली, ओळखीचे सोबती गेले, भलतेच जिवाणू शिरले आणि ऊती सडायला लागली. सगळे स्पंज एवढे हळवे नसतात, काही तर प्रवाळ मरतात तिथं टिकून राहतात. पण "प्रवाळ गेले तरी स्पंज आहेतच की" असं कोणी म्हणालं तर हा प्रयोग आठवावा.

आता बोटवाल्यांची बाजू, तीही खोटी नाही.

नारिंगी, तांबडा किंवा पिवळा थर आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं किंवा उंचवटे दिसले असतील, तर तो बहुधा क्लायोनाच्या कुळातला पोखरणारा स्पंज. हा प्रवाळाचं मांस खात नाही. तो त्याचा चुनखडीचा सांगाडा रसायनानं कोरून बारीक तुकडे बाहेर टाकतो आणि आत घर करतो. वरून प्रवाळ ठीक दिसतो, आत पोकळ झालेला असतो आणि एखाद्या जोरकस लाटेत मोडतो. समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकू लागलं की या स्पंजांचं काम सोपं होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण अशी झीज भित्तीवर कायमच चालू असते आणि तिथली बरीच वाळू त्यातूनच येते. प्रवाळ जोमात वाढत असतील तर ती झीज भरून निघते. प्रवाळ थकले की ती अंगावर येते.

काळपट, राखाडी, अगदी पातळ, प्रवाळावर कापड टाकल्यासारखा थर असेल तर मला जास्त काळजी वाटते. तो टर्पिओस होशिनोटा असू शकतो. १९७०च्या दशकात ग्वाम बेटावर त्यानं प्रवाळ मारल्याचं लक्षात आलं, आणि पुढं मंडपमच्या उत्तरेच्या पाल्कच्या उपसागरातही त्याची नोंद झाली. याच्या ऊतीत सायनोबॅक्टेरिया खच्चून भरलेले असतात आणि त्यांच्या जोरावरच तो जिवंत प्रवाळ झाकत पुढं सरकतो. सूक्ष्मजीवांची भागीदारी भित्तीला पोसते तशी मारतेही, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि हो, तो थर स्पंजच होता का, हाही प्रश्न आहे. कपाफायकस नावाचं बाहेरून लागवडीसाठी आणलेलं शैवाल मन्नारच्या काही बेटांजवळ प्रवाळांवर पसरलेलं आहे. बोटीतून, हलत्या पाण्यात, फोटोवरून मी स्वतः खात्रीनं जात सांगणार नाही. स्पंजाची ओळख त्याच्या सांगाड्यातल्या सूक्ष्म सुयांवर पटते आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

मग खरवडू का नये? पहिलं कारण कायद्याचं. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तुम्ही गेलात त्या भागातली मन्नारची बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात. परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शास्त्र तेच सांगतं. पोखरणाऱ्या स्पंजाचा मोठा भाग सांगाड्याच्या आत असतो, वरचं खरवडून तो जात नाही, उलट प्रवाळाची जिवंत त्वचा सोलली जाते. शिवाय स्पंजाचे तुकडे मरतीलच असं नाही. हेन्री विल्सन यांनी १९०७ साली एका स्पंजाच्या पेशी बारीक कापडातून गाळून सुट्या केल्या, तर त्या पुन्हा एकत्र येऊन त्यांचा स्पंज झाला. असा प्राणी खरवडून पाण्यात सोडणं म्हणजे तो पसरवण्याचा धोका पत्करणं.

आणि सरसकट स्पंज काढले तर काय होतं ते पाहिलं गेलेलं आहे. जॅनी वुल्फ आणि लिओ बस यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या कॅरिबियनमधल्या प्रयोगात काही भित्तींवरचे स्पंज काढून टाकले. सहा महिन्यांत तिथले सुमारे ४० टक्के प्रवाळ सुटून गेले. स्पंज होते तिथं हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं. स्पंज प्रवाळांना बुडाशी धरून ठेवतात. मोडलेल्या तुकड्यांनाही ते एकमेकांशी बांधतात, आणि तुकडे हलायचे थांबले की त्यावर चुनखडीयुक्त शैवाल बसून पक्का जोड होतो, त्यावर नवे प्रवाळ येतात. वादळानंतर भित्ती सावरण्यात हे काम फार मोलाचं असतं. हॉक्सबिल कासवाचं तर मुख्य अन्नच स्पंज. आणि फ्लोरिडाच्या उपसागरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सायनोबॅक्टेरियाच्या उद्रेकानं स्पंज मोठ्या प्रमाणात मेले तेव्हा कोवळ्या शेवंडांचा आसराच गेला.

तेव्हा तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर असं: कपारीतले आणि बुडाशी धरणारे स्पंज भित्तीच्या बाजूचे, पोखरणारे परिस्थितीनुसार, टर्पिओससारखा काळा थर विरोधात. पण तोही दिसला तर खरवडायचं नाही, जागा आणि फोटो वनविभागाला किंवा मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राला कळवायचा. स्पंज अचानक सगळीकडे वाढलेले दिसले तर माझा पहिला संशय स्पंजावर नसतो. पाण्यात सांडपाणी येतंय का, मासेमारी कशाची चालली आहे, गेल्या उन्हाळ्यात पाणी किती तापलं, हे मी आधी विचारतो.

प्रकल्पाबद्दल. आपल्या शेतातलं खत गोदावरीतून जाऊन प्रवाळ मारतं, असं काही तरी दाखवायचा मोह विद्यार्थ्यांना होतो. गोदावरीच्या मुखापाशी मोठी प्रवाळभित्ती नाही, तेव्हा तो विषय सोडा. तुमच्या दाराशी खरे स्पंज असण्याची शक्यता आहे, ते शोधा. गोड्या पाण्यातले स्पंज महाराष्ट्रात नवे नाहीत. हेन्री कार्टर या डॉक्टरनं मुंबईच्या तळ्यांमधल्या स्पंजांवर १८४९ सालीच लिहिलं होतं. मांजरा, माजलगाव, येलदरी किंवा पैठणच्या नाथसागरासारख्या जलाशयांचं पाणी फेब्रुवारीनंतर उतरायला लागलं की काठाचे दगड, बुडालेली झुडपं, जुन्या पायऱ्या, पंपाचे पाइप यांवर राखाडी किंवा हिरवट, कुस्करणारे थर दिसतात का पाहा. कोरड्या थरात खसखशीएवढे पिवळसर गोळे दिसले तर त्या जेम्यूल. दुष्काळ काढायची ही स्पंजाची सोय. पाणी परत आलं की त्यातून नवा स्पंज फुटतो. हिरवा रंग असेल तर तो बहुधा आतल्या सहजीवी शैवालाचा, म्हणजे भागीदारीचा धडा इथंही मिळतोच.

ब्रायोझोआ या दुसऱ्याच सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती अगदी अशाच दिसतात, तिथं फसू नका. चिमूटभर थर काचेच्या नळीत घ्या, त्यावर घरगुती ब्लीचचं द्रावण ओता आणि मऊ भाग विरेपर्यंत ठेवा. मग साका दोन-तीनदा पाण्यानं धुऊन काचपट्टीवर घ्या. सिलिकाच्या सुया दिसल्या तर स्पंज. जात ओळखायला जेम्यूलभोवतीच्या सुया लागतात, म्हणून जेम्यूल असलेला नमुनाच निवडा. ब्लीच कोणत्याही आम्लात मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो. थराला हात लावताना हातमोजे घाला. सुया कातडीत गेल्या की खाज दोन दिवस जात नाही. धरणाच्या पाळूवर जाण्याआधी पाटबंधारे खात्याची परवानगी कॉलेजच्या पत्रावर घ्या. सुयांचे फोटो मोजपट्टीसह इथं टाकलेत तर वंशापर्यंत ओळखायला मी मदत करेन.